झाकली मूठ

२०१७ सालच्या ऑगस्टची २७ तारीख, रविवारची सकाळ. वाक्वाच्या बाजूस, उसाच्या शेतांलगत असलेल्या एका मराठी घरातून दीड दिवसाच्या गणपतीस आदल्या सायंकाळीच निरोप देण्यात आला होता. मखर रिते झाले होते. फुलांचा वास मात्र अजून ओसरीवर रेंगाळत होता. रात्री उशिरापर्यंत झाकरी नाचलेली मंडळी सुस्तावली होती, माहेरवाशिणी चहाच्या गडबडीत होत्या आणि पाहुण्यांपैकी कोणीही परत जाण्याची भाषा काढीत नव्हते. आठाच्या सुमारास, म्हणजे तिकडे लास वेगासमध्ये शनिवारची रात्र असताना, फ्लॉइड मेवेदर आणि कॉनर मॅकग्रेगर यांची लढत व्हावयाची होती. विसर्जनानंतर घर ओके-ओके वाटू लागते. ते भरून काढण्यास त्याहून मोठा गलका कोठून मिळणार?

लढत दहाव्या फेरीत आटोपली. वाद मात्र आटोपला नाही. खरे म्हणजे तेथून तो सुरू झाला. कोण जिंकावयास हवा होता, याविषयी तो नव्हता. मॅकग्रेगर हा पिंजऱ्यातील मिश्र द्वंद्वाचा खेळाडू, व्यावसायिक मुष्टियुद्धातील त्याची ही पहिलीच लढत. निकाल काय लागणार हे जाणत्यांस ठाऊकच होते. वाद होता तो थैलीचा. जिंकणाऱ्याने किती नेले?

घरातील थोरला नातू एबेनच्या एका बँकेत हिशेब पाहतो. त्याने सांगितले की, नेवाडा राज्याच्या क्रीडा-नियामक मंडळाने आकडे जाहीर केले आहेत : मेवेदरला १० कोटी डॉलर, मॅकग्रेगरला ३ कोटी. सरकारी कागदावरचा आकडा. यापुढे बोलणेच खुंटले. धाकटा नातू तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि स्वतः मुष्टियुद्धाच्या आखाड्यात घाम गाळणारा होता. त्याने हात झटकला. “दादा, तो आकडा लोकांना दाखवायला असतो. त्याने तीस कोटींच्या आत एक डॉलर कमी घेतला असेल तर मी हातमोजे टाकून देईन.” मग क्रिओलमध्ये जी फैर झडली ती येथे उतरविण्याचे कारण नाही. मावसभाऊ, जावई, शेजारचा मुलगा, प्रत्येकाजवळ आपापला आकडा होता आणि प्रत्येकास तो कोणा खात्रीच्या माणसाकडून समजला होता.

कोपऱ्यात आरामखुर्चीवर ब्याऐंशी वर्षांचा आजा बसला होता. त्याने बराच वेळ ऐकून घेतले आणि अखेर मराठीतून, कारण हिशेबाची गोष्ट तो नेहमी मराठीतूनच बोले, एकच प्रश्न केला : “ठरले किती ते कळले. हातात किती आले?”

सारे हसले. त्या प्रश्नाचे उत्तर त्या खोलीतच काय, लास वेगासमध्येही फार थोड्यांना ठाऊक होते.

वस्तुतः दोघेही नातू बरोबर होते. नियामक मंडळ तेव्हा जो आकडा जाहीर करी तो करारातील हमीचा असे. लढत झाली की तेवढी रक्कम मुष्टियोद्ध्यास मिळालीच पाहिजे, इतकाच त्याचा अर्थ. त्याखेरीज तिकीटविक्री, परदेशांतील प्रक्षेपणाचे हक्क आणि घरबसल्या लढत पाहण्यासाठी प्रेक्षक जे वेगळे पैसे मोजतो ते, यांतील वाटा निराळा ठरलेला असतो. तो खासगी करारात राहतो आणि कोणत्याही मंडळाच्या फलकावर येत नाही. ‘फोर्ब्ज’ या अमेरिकन अर्थविषयक नियतकालिकाने २०१८ साली या एका लढतीची मेवेदरची कमाई २७ कोटी ५० लाख डॉलर धरली आणि मॅकग्रेगरची साडेआठ कोटी. जाहीर आकड्याच्या जवळजवळ तिप्पट! परंतु हाही अंदाजच, जाणकारांनी बांधलेला असला तरी. थोरला नातू त्यावर ‘अनधिकृत’ असा शेरा मारी, धाकटा त्यालाच वेदवाक्य मानी.

आता वजाबाकीची बाजू. अमेरिकेतील रूढ रीतीप्रमाणे मुष्टियोद्ध्याच्या थैलीतून व्यवस्थापकाचा वाटा जातो. तो एकतृतीयांशापर्यंत असू शकतो. प्रशिक्षकास बहुधा दहावा हिस्सा. अजिंक्यपदाची लढत असेल तर तो पट्टा देणाऱ्या संस्थेचे सुमारे शेकडा तीन. सरावासाठी बोलाविलेल्या जोडीदारांचे वेतन, त्यांचा मुक्काम, डॉक्टर, प्रवास हे सारे पुन्हा त्यातूनच. उरलेल्यावर कर. नेवाडा राज्य स्वतःचा प्राप्तिकर घेत नाही; मोठ्या लढती त्या वाळवंटातील शहराकडे ओढल्या जाण्याची जी कारणे आहेत त्यांत हेही एक होय. परंतु केंद्र सरकारचा कर आहेच. म्हणजे शंभराच्या थैलीतून केवळ पहिले तीन वाटे पुरते गेले तर चोपन्न उरतात, आणि कर भरण्याची वेळ त्यानंतरची. मेवेदरसारखा, स्वतःच्या लढती स्वतःच भरविणारा मनुष्य या गणितातून बराचसा सुटतो. बाकीचे सुटत नाहीत.

मराठीत ‘थैली’ हा शब्द सत्काराच्या मंडपातून आला आहे. एखाद्या वृद्ध कलावंतास वा कार्यकर्त्यास थैली अर्पण केली की आतील रक्कम व्यासपीठावरून मोठ्याने सांगितली जाते. न सांगितली तर लोकांस चुकल्यासारखे वाटते. देशावरच्या जत्रांतही कुस्तीचे इनाम अगोदर पुकारतात. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर वा नारळावर होतात आणि चढत चढत मोठ्या जोडीपर्यंत फड येतो. मल्लाने किती नेले हे साऱ्या गावास ठाऊक. मुष्टियुद्धाच्या धंद्यात मात्र मूठ आवळलेली राहिली आणि ती नेमकी किती भरलेली आहे हे सांगण्याचे स्वातंत्र्य ज्याच्या त्याच्या सोयीवर गेले.

तरी आरंभी तसे नव्हते. २ जुलै १९२१ रोजी न्यू जर्सीमध्ये जॅक डेम्प्सी आणि फ्रान्सचा जॉर्ज कार्पांत्ये यांची लढत झाली. टेक्स रिकर्ड या ठेकेदाराने डेम्प्सीला तीन लाख आणि कार्पांत्येला दोन लाख डॉलर देण्याचे कबूल केले होते आणि हे त्याने लपविले नाही. उलट हे आकडेच त्याची जाहिरात होती. इतका पैसा ज्या दोन माणसांवर लावला आहे ती माणसे आहेत तरी कशी, हे पाहावयास लोक आले आणि तिकिटांचे उत्पन्न प्रथमच दहा लाख डॉलरांच्या पलीकडे, १७ लाखांच्या वर गेले. सहा वर्षांनी, २२ सप्टेंबर १९२७ रोजी, शिकागो येथे डेम्प्सी आणि जीन टनी यांची दुसरी झुंज झाली. टनीच्या वाट्यास ९ लाख ९० हजार ४४५ डॉलर आले. त्याने आपल्या खिशातून ९ हजार ५५५ डॉलरांचा धनादेश रिकर्डच्या हाती ठेवला आणि त्याच्याकडून पुऱ्या दहा लाखांचा एकच धनादेश घेतला. वाचनाची आवड असलेला, संयमी म्हणून ख्याती पावलेला हा मनुष्य. त्यालाही त्या सात अंकांचा मोह आवरला नाही. यात हसण्यासारखे काही नाही. आपल्या मुठीची किंमत एका कागदावर, एका ओळीत लिहिलेली पाहावी, ही इच्छा अगदी मानवी आहे.

१९७१ च्या ८ मार्चला न्यूयॉर्क येथे महंमद अली आणि जो फ्रेझर यांस प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले. १९७४ च्या ऑक्टोबरअखेरीस किन्शासा येथे अली आणि जॉर्ज फोरमन यांस प्रत्येकी ५० लाख कबूल झाले होते. त्या दुसऱ्या वेळी तर मोबुटूच्या राजवटीने आपल्या देशाचे नाव जगाच्या कानी जावे म्हणून तिजोरी उघडली होती. हे आकडे शाळकरी पोरांसही पाठ होते. आकडा फुगलेला असला की तो सांगावयास सगळेच पुढे येतात.

मग लपविले जाते ते काय? लपविला जातो तो ताळेबंद. ठेकेदाराने दूरचित्रवाणीकडून किती घेतले आणि त्यातील किती लढणाऱ्याकडे वळविले, हे एका मुष्टियोद्ध्यास कळले तर पुढच्या करारावेळी तो तेवढेच मागणार, आणि त्याचे पाहून दुसराही. लढणारा स्वतःही लपवितो, पण त्याची कारणे निराळी. मोठा आकडा सांगितला तर नातेवाईक, जुने मित्र आणि नवे सल्लागार दारात उभे राहतात. लहान आकडा सांगितला तर मान खाली जाते. ज्याची नावे फलकाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतात अशा चार फेऱ्यांच्या मुष्टियोद्ध्याची अवस्था या दुसऱ्या प्रकारची. ब्रिटनमधील लहान सभागृहांतल्या लढतींत स्थानिक मुष्टियोद्ध्याने स्वतःच तिकिटे विकावयाची असतात. विक्रीतून प्रतिस्पर्ध्याचे मानधन व खर्च निघाला की जे उरेल ते त्याचे. शेजारीपाजारी, आत्या-मामा, कारखान्यातील सोबती हेच त्याचे गिऱ्हाईक. पुरेशी तिकिटे खपली नाहीत तर रक्त सांडूनही तो जवळजवळ रिकाम्या हाताने घरी जातो. अशा वेळी ‘किती मिळाले?’ या प्रश्नास तो हसून उत्तर देतो, ‘ठीक मिळाले.’ झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याला हे हसू माहीत असले पाहिजे.

कधी कधी मूठ कायद्यानेच उघडावी लागते. जागतिक मुष्टियुद्ध परिषदेच्या नियमांनुसार दोन पक्षांत करार जुळला नाही तर लखोटे मागवून बोली उघडतात. २०२२ च्या जानेवारीत टायसन फ्यूरी आणि डिलियन व्हाइट यांच्या लढतीसाठी लागलेली बोली ४ कोटी १० लाख २५ हजार डॉलरांची होती. त्यातील दहावा हिस्सा विजेत्यासाठी बाजूस ठेवून उरलेल्याचे ८० आणि २० असे वाटे ठरले. अशा दिवशी शौकिनांची निराशाच होते, कारण वादास जागा राहत नाही. उलट १८ मे २०२४ रोजी रियाध येथे फ्यूरी आणि उसिक यांची लढत झाली तेव्हा थैल्यांचे आकडे अधिकृतपणे जाहीर झाले नाहीत. मग काय, पॉर्ट लुईच्या बसमध्येही त्यांचा लिलाव चालू होता.

परंतु या विषयातील अत्यंत बोलकी गोष्ट अमेरिकेच्या एका कायद्यात आहे. २००० सालच्या मे महिन्यात झालेल्या या कायद्यास महंमद अलीचे नाव दिलेले आहे. ठेकेदारास आपला मोबदला घेण्यापूर्वी मुष्टियोद्ध्यापुढे काय उघड करावे लागेल, हे त्यात लिहिले आहे : या लढतीतून ठेकेदारास किती रक्कम मिळावयाची आहे, मुष्टियोद्ध्यावर कोणकोणते खर्च व शुल्क लादले आहे, आणि अगोदर ठरलेल्या थैलीत काही कपात केली असल्यास ती किती. हे प्रेक्षकांस सांगावयाचे नाही, लढणाऱ्यास सांगावयाचे. म्हणजे ज्याच्या बरगड्यांवर तो पैसा उभा राहिला, त्याला तो किती होता हे समजावे म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस कायदा करावा लागला. शौकीन मंडळी ‘किती मिळाले’ यावर रात्री जागवीत होती, तेव्हा पुष्कळदा खुद्द त्या माणसाचाही तो अंदाजच होता.

जो लुईची कथा येथे आठवते. १९४२ च्या जानेवारीत त्याने आपली थैली नौदलाच्या साहाय्य-निधीस दिली. साऱ्या देशाने त्याचे गोडवे गायिले. पुढे त्याच लुईच्या नावावर कराची थकबाकी व्याजासह वाढत जाऊन दहा लाख डॉलरांच्या वर गेली, आणि एके काळचा विश्वविजेता पोटासाठी दिखाऊ कुस्त्यांच्या फडात उतरला. नंतर लास वेगासमधील एका जुगारगृहाच्या दारात पाहुण्यांचे स्वागत करीत उभा राहिला. त्याने किती मिळविले याचे हिशेब अनेकांनी मांडले. त्याच्या हातात किती राहिले, हे त्या दारातून आत जाणारा प्रत्येक मनुष्य डोळ्यांनी पाहत होता.

आज्याचा प्रश्न याच जातीचा होता आणि तो त्याला मुष्टियुद्धाने शिकविला नव्हता. त्याचा आजा रत्नागिरीकडून गिरमिटावर आला. कागदावर पाच वर्षांचा करार आणि पुरुषास दरमहा पाच रुपये. आकडा स्वच्छ, लेखी, सरकारी. वाद घालण्यास जागाच नाही. परंतु एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीत होती. तापाचे तीन दिवस म्हणजे वजाबाकी सहांची. ज्याला अक्षर येत नाही त्याने सरदाराच्या तोंडाकडे पाहावयाचे आणि जे हातावर पडेल ते मुठीत धरून झोपडीकडे चालू लागावयाचे. आज्याने हे सारे लहानपणी घरात ऐकले होते. पुढे तो स्वतः इस्टेटीवर ऊस तोडू लागला तेव्हा दिवस पालटले होते, पण मिळालेला पैसा मुठीत आवळून आणावयाचा आणि आईच्या पदराखाली उघडावयाचा, ही घरची चाल त्याने सोडली नाही. घरात पाहुणा असला तर मूठ उघडावयाची नाही. पैसे पुष्कळ असत म्हणून नव्हे.

त्या रविवारी दुपारी, पाहुणे पांगल्यावर, धाकट्या नातवाने खिशातून घडी घातलेले कागद काढले. युरोपातील एका ठेकेदाराकडून आलेला तो करार होता. तीन आठवड्यांपासून त्याच्याजवळ होता आणि घरात कोणास ठाऊक नव्हता. २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये ब्रुनो ज्युलीने मॉरिशसला पहिले पदक, ते कांस्यपदक, मिळवून दिले तेव्हा हा मुलगा तेरा वर्षांचा होता, आणि त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात दुसरे काही शिरले नव्हते. पदकाच्या लढतींत थैली नसते. आता थैलीची वाट समोर आली होती. सकाळी तीस कोटींसाठी तो इतक्या हिरिरीने का भांडत होता, हे थोरल्याच्या तेव्हा ध्यानात आले.

आज्याने कागद मोठ्याने वाचावयास सांगितले. मुलगा इंग्रजी वाचीत गेला, थोरला मराठीत सांगत गेला. लढती किती, फेऱ्या किती, राहण्याची सोय कोठे. रकमेच्या कलमापाशी मुलगा थबकला. पुढील कलमात लिहिले होते की, ही रक्कम त्रयस्थास सांगावयाची नाही.

“मी त्रयस्थ?” आज्याने विचारले.

मुलगा उठला, त्याच्या खुर्चीजवळ गुडघे टेकून बसला आणि त्याच्या कानात आकडा सांगितला. थोरला नातू, जो बँकेत माणसांची लाखोंची खाती पाहतो, तो समोर बसून राहिला. त्याला ऐकू आले नाही. आजा काही वेळ गप्प होता. नंतर त्याने सकाळचाच प्रश्न विचारला. मुलाने कागद पुन्हा उलटसुलट केले. कपातीविषयी एवढेच लिहिले होते की ‘योग्य तो खर्च’ वजा केला जाईल. योग्य कोणी ठरवावयाचे, हे लिहिलेले नव्हते.

“हे शब्द कापून आकडा लिहायला सांग,” आजा म्हणाला. “मग जा. मी आडवा येणार नाही.”

पत्र लिहिले गेले. थोरल्याने त्याचा मसुदा केला, आणि अमेरिकेचा तो कायदा युरोपात लागू नसला तरी त्यातील तीन कलमे त्याने मोठ्या चातुर्याने विनंतीच्या रूपात घातली. उत्तर आले ते दोन ओळींचे : अशी प्रथा नाही. मुलाने सही केली नाही. त्या दिवशी तो रात्रीपर्यंत जेवला नाही आणि महिनाभर आज्याशी धड बोलला नाही, हेही सांगितले पाहिजे. आज्याचेच म्हणणे शहाणपणाचे होते असे त्या घरात सगळ्यांना वाटत नव्हते. बावीस वर्षांच्या मुष्टियोद्ध्यास वाट पाहणे परवडत नाही, आणि पुष्कळ चांगली माणसे वाईट कागदांवर सह्या करूनच वर चढली आहेत.

पुढच्या वर्षी दुसरीकडून दुसरा कागद आला. त्यात वजावटीची यादी होती, लांबलचक का होईना. तो गेला, पाच लढती लढला, तीन जिंकला, आणि डाव्या हाताचे हाड मोडल्यावर परत आला. आता तो संध्याकाळी मुलांना शिकवितो. आज्याचे २०१९ साली निधन झाले. त्या दोन्ही कागदांतील आकडे त्याला ठाऊक होते; त्याने ते कोणास सांगितले नाहीत.

मुलगा परतल्यावर घराच्या मागील बाजूस दोन खोल्या आणि पक्के छत झाले. गणपतीला मंडळी जमली की अजूनही विषय निघतो. जावई म्हणतात, पुष्कळ आणले असणार. आत्या म्हणते, जेमतेम खर्च निघाला असेल. थोरला नातू प्रथम या वादात पडत नसे. परंतु गेल्या वेळी तो जेवण झाल्यावर मागच्या अंगणात गेला, छताखाली उभा राहून बराच वेळ वर पाहत राहिला, आणि आत येऊन त्याने कागद-पेन्सिल मागितली. सिमेंटच्या किती पोती लागली असतील, सळई किती, गवंड्याची मजुरी किती, असा तो हिशेब मांडू लागला. मंडळी त्याच्याभोवती गोळा झाली.

धाकटा मखरासमोर फुले आवरीत होता. त्याने मागे वळून पाहिले आणि सांगितले, “दादा, एकशे वीस पोती लागली. तेवढे लिही.” मग तो पुन्हा आपल्या कामास लागला.